रेझ्युमेत वडिलांचं नाव कशाला?

चाकण एमआयडीसीत नोकरी मागायला येणाऱ्या पोरांचे रेझ्युमे बघून बघून आता माझं असं झालंय की कागद हातात घेतला की तो कुठल्या झेरॉक्सवाल्याकडे बनलाय ते सांगता येतं. एकाची बॉर्डर डबल रेघांची आणि चारही कोपऱ्यांत वेलबुट्टी. दुसरा वर निळ्या अक्षरांत मोठ्ठं करिक्युलम व्हिटे लिहितो आणि त्याला अंडरलाइन मारतो. तिसऱ्याकडे उजव्या कोपऱ्यात पासपोर्ट फोटोसाठी चौकट आखलेली असते आणि ती बहुतेक वेळा रिकामीच राहिलेली असते. मजकूर मात्र सगळ्यांचा एकच. चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंटमध्ये काम करून कंपनीची आणि स्वतःची ग्रोथ करायची, स्ट्रेंग्थ म्हणजे हार्डवर्किंग, पंक्च्युअल, पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड, हॉबीज म्हणजे क्रिकेट खेळणे आणि गाणी ऐकणे. दुकानदाराकडे एक फाइल सेव्ह असते, आधीच्याचं नाव खोडून पुढच्याचं टाकायचं की झालं. एकदा तर एका चांगल्या दणकट फिटर पोराच्या हॉबीजमध्ये मेहंदी आणि रांगोळी निघाली, त्याच्या आधी कुणीतरी मुलगी टाइप करून गेली असणार. मी विचारलं तर तो बिचारा लाजून लाल, म्हणे मॅडम मी वाचलंच नव्हतं.

तर हे "वाचलंच नव्हतं" प्रकरण. स्वतःचा रेझ्युमे स्वतः न वाचलेले लोक मला दर आठवड्याला भेटतात.

मी एका ऑटो कंपोनंट बनवणाऱ्या कंपनीत एचआर बघते. एचआर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एसी केबिन आणि गुळगुळीत इंग्रजी येतं, आमच्याकडे एचआर म्हणजे हजेरी, कँटीनच्या भाजीची तक्रार, बसचा रूट, पीएफचे फॉर्म आणि त्यातून वेळ उरला तर भरती. पण भरतीच्या दिवशी गेटवर पोरांची जी रांग लागते ना, लातूर, बीड, परभणी, सोलापूर, बुलढाणा, सगळा महाराष्ट्र उभा असतो तिथे, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ओरिजिनल मार्कशीटा घेऊन. बरीचशी पोरं कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा खातात, आणि ज्यांच्या हातात खरंच काम आहे त्यांच्या कागदावर ते काम कुठेच दिसत नाही. माझी सगळी चिडचिड ह्या एका गोष्टीवर आहे आणि हा लेखही त्यासाठीच.

आपल्याकडच्या रेझ्युमेचं पान उघडून बघा. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, लिंग, मॅरिटल स्टेटस, नॅशनॅलिटी इंडियन (चाकणला दुसऱ्या कुठल्या देशाचं कोण येणारे मशीन चालवायला), धर्म, काही जण तर जातही लिहितात, मग कायमचा पत्ता मुक्काम पोस्ट तालुका जिल्ह्यासकट. मग दहावी बारावीचे टक्के, एमएससीआयटी, टायपिंग मराठी ३० इंग्रजी ४०. आणि हे सगळं झाल्यावर पान संपता संपता एक्सपिरियन्स म्हणून एक ओळ, अमुक कंपनीत तीन वर्षं ऑपरेटर. खाली मग शपथ, आय हिअरबाय डिक्लेअर की वरील सर्व माहिती खरी आहे, स्थळ पुणे, दिनांक रिकामा. तू कुणाचा, कुठला, लग्न झालंय का, ह्याची इत्थंभूत माहिती आणि तुला काय येतं ह्याला एक ओळ. लग्नाच्या बायोडेटात रास, गोत्र आणि मामाचं गाव टाकलं तर फरक उरणार नाही.

हे कुठून आलंय ते कळायला फार लांब जायला नको. आपल्या आधीच्या दोन पिढ्यांना नोकरी म्हणजे अर्ज. "प्रति, माननीय मुख्याध्यापक साहेब, यांसी, विषय शिपाई पदासाठी विनंती अर्ज, महोदय वरील विषयास अनुसरून..." आणि शेवटी कळावे, आपला विश्वासू. १९५९ सालच्या कायद्याने कंपन्यांनी रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायच्या असायच्या, तिथलं कार्ड काढायचं, ते रिन्यू करत राहायचं आणि कॉलची वाट बघायची. सरकारला जात, रहिवास, वय, हे सगळं लागतंच, त्यावर आरक्षण आणि वयोमर्यादा ठरते, एमपीएससीचा फॉर्म भरताना ती माहिती द्यावीच लागते आणि दिलीच पाहिजे. पण तोच फॉर्म मनात ठेवून आपण खासगी कंपनीचा रेझ्युमे बनवायला बसतो, आणि तिथे ह्यातल्या निम्म्या गोष्टी कुणी मागितलेल्याच नसतात. त्या शपथेला तर तिथे शून्य किंमत आहे, कोर्टकचेरीच्या कागदावरून सुटून ती इथे येऊन बसलीय.

बरं, समोरचा वाचतो काय ते ऐका. अमेरिकेतल्या द लॅडर्स नावाच्या जॉब साइटने रिक्रूटर लोकांच्या डोळ्यांची हालचाल मोजून २०१८ मध्ये सांगितलं की पहिल्या नजरेत एका रेझ्युमेला सरासरी ७.४ सेकंद मिळतात. तिथलं तिथे ठीक, आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरांच्या टेबलावर गठ्ठा ठेवला की ते चहाचा कप डाव्या हातात धरून उजव्या हाताने पानं उलटतात आणि पेनाने गोल करत जातात. त्यांना चारच गोष्टी हव्या असतात. मशीन कुठलं, व्हीएमसी की सीएनसी लेथ की एचएमसी, म्हणजे धातू कापणारी कॉम्प्युटरवरची मशीनं. कंट्रोलर, म्हणजे त्या मशीनचा कॉम्प्युटर, कुठला, फॅनक की सीमेन्स. नुसतं जॉब, म्हणजे कापायचा पार्ट, लावून बटण दाबतो की सेटिंगही करतो, म्हणजे टूल ऑफसेट, इन्सर्ट बदलल्यावरचं करेक्शन, फर्स्ट पीस पास करून घेणं. आणि कधी जॉइन होणार. नॅशनॅलिटीवर गोल केलेला मी अजून पाहिला नाही. पण ह्या चारपैकी दोन गोष्टी तरी कागदावर नसतात, मग तो कागद डावीकडच्या गठ्ठ्यात जातो, आणि डावीकडचा गठ्ठा म्हणजे पाठकोरे कागद, त्यावर आम्ही स्टोअरच्या चिठ्ठ्या लिहितो. ह्या गठ्ठ्यात किती हातचे कारागीर गेले असतील देव जाणे.

आता माझ्या भाच्याचं सांगते. ताई बार्शीला असते, तिचा मुलगा डिप्लोमा मेकॅनिकल करून इकडे आला, भोसरीत एका व्हेंडरकडे व्हीएमसीवर लागला. कंपनी बदलायची म्हणून कितीतरी ठिकाणी रेझ्युमे टाकून झाले, एक फोन नाही. ताईचा मला फोन, "अगं तू एवढी एचआरमध्ये आहेस, पोराचं काहीतरी बघ की." मी म्हटलं माझ्या कंपनीत मी नातेवाइक घेणार नाही पण रविवारी त्याला पाठव, कागद तरी बघते. आला. कागद अर्थातच वेलबुट्टीवाला. एक्सपिरियन्सखाली लिहिलेलं, व्हीएमसी ऑपरेटर, रिस्पॉन्सिबल फॉर प्रॉडक्शन अँड क्वालिटी. संपलं.

म्हटलं, अरे काय बनवायचात तिथे?

"हाऊसिंग मावशी, अ‍ॅल्युमिनियमचं, डायकास्टिंग येतं त्याला बोअर मारायचा आणि ड्रिल टॅपिंग."

मग काही अडचण वगैरे यायची का?

"अडचण म्हणजे, रिजेक्शन लई होतं. बोअर तिरका जायचा, सीएमएमला, मापाच्या मशीनला, लावला की काटकोन चुकलेला, पर्पेंडिक्युलॅरिटी आउट. शिफ्टला दहाबारा पीस जायचे. सगळे म्हणायचे स्पिंडल गेलाय, मेंटेनन्सवाले येऊन चेक करून जायचे, काय सापडायचं नाही."

मग?

"मग काय नाय, एकदा नाइटला मी बघत बसलो. तर जॉब पकडायच्या फिक्स्चरला जे रेस्टिंग पॅड असतं, त्याच्यावर बारीक चिप, धातूचा कीस, अडकून राहायची कूलंटबरोबर. जॉब त्याच्यावर बसला की एका बाजूने एवढुसा वर. क्लॅम्प झाला की दिसत नाही. मग मी क्लॅम्प करायच्या आधी एअर गन मारायला लागलो पॅडवर. माझ्या शिफ्टचं रिजेक्शन एकदोनवर आलं. मग सुपरवायझरने सगळ्या शिफ्टला लावलं, पुढं त्यांनी फिक्स्चरलाच एअर ब्लोची लाइन दिली."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. म्हटलं गाढवा हे कुठे लिहिलंयस तू?

"हे काय लिहायचं मावशी, हे तर कामच आहे. आणि आपणच आपली टिमकी कशी वाजवायची."

इथे सगळी गाडी अडते. आमच्याकडे लहानपणापासून हेच शिकवलेलं असतं की स्वतःचं स्वतः सांगू नये, काम बोलेल, लोक बघतात. शेतात, गल्लीत, लग्नाच्या पंगतीत लोक बघतात ते खरंय. पण रांजणगावच्या कंपनीत बसलेल्या माणसाने भोसरीच्या नाइट शिफ्टमध्ये तू पॅडवर वाकून काय पाहिलंस ते कुठून बघायचं? आणि गंमत अशी की हार्डवर्किंग लिहिताना ह्याच पोरांना टिमकी वाजवल्यासारखं वाटत नाही. स्वतःला मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर म्हणवून घ्यायला हरकत नाही, ती खरी स्वतःची स्तुती, आणि चिप सापडली हे लिहायला लाज वाटते, जी नुसती घडलेली गोष्ट आहे. मला तर वाटतं नेमकं काम सांगणं ह्याच्याइतकी विनम्र गोष्ट नाही, त्यात विशेषणच नसतं.

मग त्याला म्हटलं आत्ता जे बोललास ते फोनवर व्हॉइस रेकॉर्ड कर, जसं बोललास तसं, मराठीत, लई म्हणायचं तर लई म्हण. नंतर ते ऐकून लिहून काढ. त्यातलं कोण काय म्हणालं ते काढ, काय बिघडलं होतं, कारण काय निघालं, तू काय केलंस, आकडा कुठून कुठे आला, एवढं ठेव. मग साध्या इंग्रजीत कर, शाळेतल्या इंग्रजीत, वाक्य छोटी. हा व्हॉइस नोटचा उपाय मी आता सगळ्यांना सांगते, कारण पोरं इंग्रजीत विचार करून लिहायला बसली की त्यांना फक्त झेरॉक्सवाल्याचं इंग्रजी आठवतं. दोन तास लागले पण शेवटी त्याच्या कागदावर चार ओळी आल्या ज्या महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाच्या कागदावर असू शकत नाहीत. हाऊसिंग, बोअर, फिक्स्चर पॅडवरची चिप, शिफ्टला दहाबारावरून एकदोन. वर मशीन, कंट्रोलर फॅनक, सेटिंग स्वतः करतो, मोजायला बोअर गेज, हाइट गेज, मायक्रोमीटर.

आकडा माहीत नसेल तर टाकू नका हेही सांगते. हल्ली कुठूनतरी डोक्यात भरवलंय की प्रत्येक ओळीत टक्का पाहिजे, मग पोरं प्रॉडक्टिव्हिटी ३५ टक्के वाढवली असं ठोकून देतात आणि आमचे साहेब हसत हसत विचारतात, बरं, आधी तासाला किती पीस होते? तिथे शांतता.

वडिलांचं नाव, धर्म, गाव काढून टाका असं मी म्हणते ते काही फक्त जागा वाचवायला नाही. आपल्याकडे आडनावावरून सुतावरून स्वर्ग गाठणारे लोक आहेत हे आपल्याला सगळ्यांना माहितीये, फक्त ऑफिसात ते कुणी मोठ्याने बोलत नाही. आपल्याच अमरावतीकडचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी ह्यावर एक अभ्यास केला होता, २००७ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीमध्ये छापून आला. पेपरातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच लायकीचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. एका अर्जावर उच्चवर्णीय हिंदू नाव, एकावर दलित, एकावर मुस्लिम. पुढच्या टप्प्याला बोलावणं येण्याचं गणित मांडलं तेव्हा उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाचं प्रमाण साधारण दोन तृतीयांश निघालं आणि मुस्लिम नावाचं एक तृतीयांश. म्हणजे माणूस समोर आलाच नाहीये अजून, तोंड उघडलं नाहीये, नुसतं नाव. आता नाव तर कुणी बदलू शकत नाही आणि का बदलावं. पण नावाखाली धर्म, जात, वडील, मुक्काम पोस्ट अशी अख्खी यादी देऊन वाचणाऱ्याच्या पूर्वग्रहाला आयतं खाद्य कशाला पुरवायचं. त्याच्या हातात आधी बोअर आणि फिक्स्चर द्या, जे करायचं ते त्याच्यावर करू दे. ह्याने पूर्वग्रह जातो असा माझा भाबडा समज नाही, ज्याला बघायचंय तो आडनाव बघतोच. ते दुखणं कंपन्यांचं आहे आणि उपायही कंपन्यांनीच करायचाय.

गावाच्या पत्त्याची तर वेगळीच तऱ्हा. राज्याचं धोरण म्हणतं भूमिपुत्रांना ८० टक्के नोकऱ्या, आणि मी पूर्वी एका ठिकाणी होते तिथे तोंडी नियम असा होता की कंपनीच्या आसपासच्या गावातला पोरगा घ्यायचा नाही. का, तर उद्या युनियन करेल, सरपंचाला घेऊन येईल, चार दिवस न सांगता जत्रेला जाईल. पत्त्यातला तालुका बघून कागद बाजूला जायचा. अख्खं आयुष्य कंपनीची भिंत बघत वाढलेला पोरगा आत यायचा नाही आणि दोनशे किलोमीटरवरचा यायचा. मी तेव्हा अगदी ज्युनिअर होते, भांडले तरी कुणी ऐकलं नसतं, पण पोरांना हळूच सांगायचे की राहतोस ते ठिकाण लिही, मोशी, निगडी, आळंदी रोड, एवढं बास. कायमचा पत्ता जॉइनिंगला आधारवर दिसणारच आहे.

बायकांच्या रेझ्युमेत मॅरिटल स्टेटस ही ओळ म्हणजे स्वतःहून पायावर धोंडा. अनमॅरिड लिहिलं तर लग्न करून जाईल, मॅरिड लिहिलं तर आता मूल होईल, २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे ना, काही साहेबांच्या पोटात तेव्हापासून जास्तच दुखतं. काढून टाका ती ओळ, विचारायचंच असेल तर समोर विचारू देत, तेवढी तरी लाज वाटू दे. आणि आपल्याकडे लग्नानंतर नुसतं आडनाव नाही, मधलं नावही बदलतं, वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. मग दहावीच्या मार्कशीटवर एक बाई, आधारवर दुसरी, पीएफला तिसरंच स्पेलिंग. सर्टिफिकेटवर जे नाव आहे ते कुठेतरी रेझ्युमेत एका ओळीत येऊ द्या आणि गॅझेटची प्रत असेल तर फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर व्हेरिफिकेशनला महिना जातो. मूल लहान होतं म्हणून घरी होते, ह्याचीही एक साधी ओळ पुरते, वर्षांसकट. लपवलं की पाच वर्षांचं भोक दिसतं आणि भोकात लोक वाट्टेल ते भरतात.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी भरभर सांगते. फोन नंबर चालू असू द्या. खरंच सांगते, आवडलेल्या उमेदवाराला फोन लावावा तर "आपण डायल केलेला क्रमांक", कारण ऑफरचं सिम घेतलं आणि जुनं रिचार्जअभावी बंद. आणि आमचा नंबर कुणीतरी स्पॅम म्हणून टाकलाय, पोरं उचलतच नाहीत, तर शोधाशोध चालू असताना अनोळखी फोन उचला बाबांनो, फार तर क्रेडिट कार्डवाला निघेल. पर्मनंट ईमेलमध्ये किंग, रॉयल, १४३ नको. फाइलला स्वतःचं नाव द्या, आमच्याकडे न्यू रेझ्युमे फायनल नावाच्या असंख्य फाइली पडल्यात. प्रिंटचा फोटो काढून पाठवू नका, कॅमस्कॅनरवर २०२० मध्ये सरकारने बंदी घातली तरी त्याचा शिक्का खाली असलेले कागद अजून येतात, आणि मोठ्या कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं, फोटोतली अक्षरं त्याला धड वाचता येतीलच असं नाही, तक्ते, दोन कॉलम आणि बॉक्सही कधी कधी येत नाहीत. साधी वर्डची किंवा पीडीएफ फाइल, एका खाली एक. आयटीवाल्यांचं थोडं वेगळं, त्यांचं सगळं नोकरी डॉटकॉमवर, तिथे रिक्रूटर किवर्ड, अनुभव, पगार, नोटीस पिरियड असे फिल्टर लावतो, कोण अलीकडे अ‍ॅक्टिव्ह होतं तेही बघतो, त्यामुळे ९० दिवसांच्या नोटीसवाल्याने निदान राजीनामा दिला असेल तर शेवटची तारीख तरी लिहावी.

कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांचा मात्र एक खरा प्रश्न आहे. काम मोठ्या कंपनीत, पगार ठेकेदाराकडून. किंवा अप्रेंटिस, किंवा पूर्वीचा नीम ट्रेनी (काम करत शिकायची सरकारी योजना, आता बंद झालीय), म्हणजे स्टायपेंड, पीएफ नाही. रेझ्युमेवर मोठ्या कंपनीचं नाव असतं आणि यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या नंबराच्या, हिस्टरीत ठेकेदाराचं, किंवा काहीच नाही. मग खोटं बोलला असा शिक्का. दोन्ही लिहा, कामाची जागा अमुक, पेरोल तमुक कॉन्ट्रॅक्टरचा, अप्रेंटिस असाल तर अप्रेंटिस. कमीपणा नाही त्यात, अर्धं चाकण कॉन्ट्रॅक्टवर चालतं. तारखा तर बिलकुल ढकलू नका, पीएफमध्ये महिन्यासकट दिसतं. विकतचं एक्सपिरियन्स लेटर घेऊन आयटीत घुसायचा धंदा पुण्यात चालतो तो सगळ्यांना माहितीये, त्यात जी पोरं दोन वर्षांनी व्हेरिफिकेशनमध्ये सापडतात त्यांची हालत बघवत नाही.

आणि आता झेरॉक्सवाल्याची जागा चॅटजीपीटीने घेतलीय. वेलबुट्टी गेली, इंग्रजी सुधारलं, आजार तोच. मागे एका वेल्डरचा रेझ्युमे आला, त्यात त्याने क्रॉस फंक्शनल टीमचं नेतृत्व करून ऑपरेशनल एक्सलन्स साधला होता. मी विचारलं म्हणजे नक्की काय केलंस, तर म्हणाला मॅडम, मिग वेल्डिंग. मग छान बोलला, स्पॅटर कमी यावा म्हणून काय करतो, कुठल्या जाडीला करंट किती ठेवतो, सगळं पाठ. ते त्या यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं, तर ते तरी कुठून लिहिणार? स्वतःची व्हॉइस नोट आधी द्या आणि मग म्हणा हे साध्या इंग्रजीत करून दे, माझी काही हरकत नाही. वापरावं की. फक्त जे छापून येईल ते वाचून बघा, त्यात मेहंदी रांगोळी निघत नाही ना.

भाच्याचा नवा कागद एका पानाचा झाला, तो त्याने बार्शीला फॅमिली ग्रुपवर टाकला. तासाभरात दाजींचा फोन. दाजी झेडपीत क्लार्क होते, गेल्या वर्षी रिटायर झाले, अर्ज ह्या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. म्हणाले, "बाकी ठीक आहे, पण आमचं नाव का उडवलं तुम्ही? फादर्स नेम दिसत नाही कुठं. आणि डिक्लेरेशन नाही, खाली सही नाही. असा कागद आम्ही आवक नोंदवून पण घेतला नसता."

मी म्हटलं, दाजी, वर नाव वाचा ना पूर्ण. आडनाव, त्याचं नाव आणि मधे तुम्हीच आहात.

जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "हां, ते आहे म्हणा." मग परत, "पण ते चिपचं एवढं काय लिहिलंय, अडाण्यासारखं वाटतं."

ते तसंच ठेवलं. तीन आठवड्यांनी त्याला रांजणगावच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. तिथल्या माणसाने मार्कशीट उघडलीसुद्धा नाही म्हणे, त्या चार ओळींवर बोट ठेवलं आणि विचारलं, एअर ब्लोला प्रेशर किती ठेवलं होतं, आणि पॅडच्या खाली चिप जायला वाट का नाही दिली? पहिल्याचं उत्तर ह्याला येत होतं, पाच ते सहा बार. दुसऱ्यावर दोघं मिळून कागदावर फिक्स्चर काढत बसले अर्धा तास. पगारावर अजून घासाघीस चाललीय, ते त्याचं तो बघेल. ताईने मात्र आता त्यांच्या गल्लीतल्या आणखी तिघाचौघांचे रेझ्युमे मला पाठवून दिलेत, सगळ्यांवर तीच वेलबुट्टी, आणि एकाने ब्लड ग्रुपही लिहिलाय.